कागद हाती आला, आता काय करायचं?

तालुक्याच्या गावात बातमीदारी करणाऱ्याकडे कागद चालत येतात. निवडणूक जवळ आली की जरा जास्तच. नगरपरिषदेतला विरोधी गटाचा नगरसेवक चहाच्या टपरीवर पाकीट सरकवतो. निविदा हुकलेला ठेकेदार रात्री अकराला पीडीएफ पाठवतो. यातला क्वचितच कुणी निव्वळ लोकहितासाठी हे करतो, आणि त्यात बिघडत काही नाही. देणाऱ्याचा हेतू वाकडा असला तरी कागद सरळ असू शकतो. हेतू फक्त लक्षात ठेवायचा, कारण कुठली पानं त्यानं दिली नसतील याचा अंदाज त्यावरून येतो.

कामाला लागण्याआधी तीन प्रश्न वेगवेगळे करून ठेवा. कागद अस्सल आहे का? त्यात लिहिलंय ते खरं आहे का? आणि तुम्ही त्यातून जो अर्थ काढताय, तो खरंच निघतो का? नवे लोक सगळी शक्ती पहिल्या प्रश्नावर घालवतात. शिक्का दिसला, सही दिसली की झालं. पण सरकारी कार्यालयातला अस्सल कागदही धडधडीत खोटं बोलू शकतो. न झालेल्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेवर शाखा अभियंत्याची सही अस्सलच असते! आणि माझं निरीक्षण विचाराल तर बातम्या सर्वाधिक फसतात त्या तिसऱ्या प्रश्नावर.

वाचण्याआधी जपा

फाइल आली असेल तर तिची एक प्रत नाव न बदलता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून द्या आणि काम दुसऱ्या प्रतीवर करा. छापील कागद असेल तर त्यावर पेनानं खुणा नकोत, स्टेपलही काढू नका. कधी मिळाला, कशातून मिळाला, देताना माणूस काय म्हणाला, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. माणसाचं नाव मात्र त्या वहीत नको, काहीतरी खूण ठरवा.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली गोष्ट दाबून लहान केली जाते आणि फोटो कधी, कुठल्या मोबाइलनं काढला ही आतली माहिती गळून पडते. म्हणून पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं आवर्जून सांगा. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये ती कधी आणि कुठल्या प्रोग्राममध्ये तयार झाली ते दिसतं. पण लगेच निष्कर्ष काढू नका. २०१४ चा कागद काल स्कॅन केला असेल तर तिथे कालचीच तारीख दिसणार.

मग पानं मोजा. कार्यालयाच्या नस्तीत (म्हणजे फाइलमध्ये) टिपणी विभाग आणि पत्रव्यवहार विभाग असे दोन भाग असतात आणि पानांना क्रमांक घातलेले असतात. तुमच्या हातात ३, ४ आणि ७ हीच पानं असतील तर ५ आणि ६ वर काय आहे, हा पहिला प्रश्न. कित्येकदा त्या दोन पानांवरच सगळ्या आरोपाचं उत्तर लिहिलेलं असतं.

कागदाच्या अंगावरच्या खुणा

राज्य सरकारचा शासन निर्णय हा त्यातल्या त्यात तपासायला सोपा. अलीकडच्या प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी एक संकेतांक छापलेला असतो, अठरा आकडी. त्याची सुरुवातच वर्ष, महिना आणि दिवसानं होते. शासनाच्या संकेतस्थळावर तो टाकून मूळ निर्णय उघडायचा आणि हातातल्या प्रतीशी ओळीनं ओळ ताडून पाहायचा. (संकेतांक एक्सेलमध्ये साठवणार असाल तर तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा. एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच अचूक राहतं, पुढचे तीन शून्य होतात आणि मग तो निर्णय शोधून सापडत नाही.) व्हॉट्सॲपवर फिरणारे सगळेच निर्णय बनावट नसतात. बरेचदा निर्णय खरा, पण सहा वर्षांपूर्वीचा असतो आणि तारखेचा कोपरा कापलेला असतो. म्हणून पुढची पायरी चुकवू नका: त्याच विषयावर नंतर शुद्धिपत्रक निघालंय का, हा निर्णय अधिक्रमित झालाय का, म्हणजे नव्या निर्णयानं त्याची जागा घेतलीय का, हे पाहा.

जुन्या कागदाच्या बाबतीत काळाची विसंगती शोधा. बनवणारा मजकुरावर मेहनत घेतो आणि बारक्या गोष्टी विसरतो. ₹ हे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळानं १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं. त्याआधीच्या तारखेच्या टंकलिखित पावतीवर ते दिसलं तर खुर्ची पुढे ओढून बसा. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला, तेव्हा २०१६ च्या बिलावर जीएसटी क्रमांक असायचं कारण नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, हिंगोली आणि गोंदिया १९९९ मध्ये. ‘जिल्हा पालघर’ असा शिक्का २०१२ च्या दाखल्यावर असेल तर तो शिक्का नंतर मारलाय. मंगल हा टंक (फॉन्ट) विंडोज २००० बरोबर आला. त्यामुळे १९९० च्या दशकाच्या मध्यावरचं पत्र मंगलमध्ये असू शकत नाही. पाकिस्तानात २०१७ साली तत्कालीन पंतप्रधान नवाझ शरीफ यांच्या कुटुंबानं खटल्यात सादर केलेल्या २००६ च्या तारखेच्या कागदपत्रात कॅलिब्री टंक सापडला होता. तो सर्वसामान्यांच्या हाती आला २००७ मध्ये. सगळ्या खटल्याच्या चर्चेत तो टंक गाजला.

मुद्रांक कागद उलटा करून पाहा. मागे विक्रेत्याच्या नोंदवहीतला अनुक्रमांक, तारीख, घेणाऱ्याचं नाव असतं. करारनाम्याची तारीख मुद्रांक खरेदीच्या आधीची आहे का? की खरेदीनंतर सहा महिने उलटून गेल्यावरची? महाराष्ट्रात मुद्रांक सहा महिन्यांच्या आत वापरावा लागतो.

सही आणि अक्षर जुळवणं हे काम मात्र स्वतः करायला जाऊ नका, आणि तज्ज्ञाकडे दिलंत तरी तुलनेचा नमुना कुठून आणला याची खात्री करा. १९८३ मध्ये जर्मनीच्या ‘श्टेर्न’ साप्ताहिकानं हिटलरच्या रोजनिशी सापडल्याचं जाहीर केलं. साठांहून अधिक वह्या, ९३ लाख मार्क मोजलेले. हस्ताक्षरतज्ज्ञांनी अक्षर जुळतं असा निर्वाळा दिला होता. झालं असं होतं, की तुलनेसाठी दिलेल्या ‘हिटलरच्या’ अक्षरांच्या नमुन्यांतही त्याच कोनराड कुयाऊचे बनावट कागद मिसळलेले होते. एकाच माणसाचं अक्षर त्याच माणसाच्या अक्षराशी जुळलं, यात नवल ते काय. पुढे जर्मनीच्या संघीय अभिलेखागारानं कागद तपासला, तेव्हा त्यात युद्धानंतर वापरात आलेलं चकाकी आणणारं रसायन निघालं. साप्ताहिकानं गुप्ततेच्या हट्टापायी ही तपासणी पुरी होण्याआधीच अंक काढला होता.

तारखांची माळ लावा

सार्वजनिक कामाचा कागद एकटा कधीच नसतो. समजा, तुमच्या गावच्या सिमेंट रस्त्याचं पाकीट आलंय. अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा सूचना, कार्यारंभ आदेश, एमबी (मोजमाप पुस्तिका), देयक, असा त्याचा क्रम असतो. प्रत्येक कागदाचा जावक क्रमांक आणि तारीख एका तक्त्यात उतरवा. तांत्रिक मान्यतेआधी निविदा निघाली? कार्यारंभ आदेशाआधीच्या तारखेची मोजमापं एमबीत आहेत? जावक क्रमांक ४१२ हा १० तारखेचा आणि ४०५ हा १४ तारखेचा आहे? असला उलटा क्रम दिसला तर समजा की काहीतरी मागाहून घातलंय. किंवा कारकुनाची चूक असेल. दोन्ही शक्यता उघड्या ठेवा आणि जावक नोंदवही पाहायला मागा.

याच तक्त्यात ठेकेदार कंपनीही घाला. कंपनीच्या २१ अक्षरी ओळख क्रमांकात (सगळे त्याला सीआयएन म्हणतात) राज्याच्या दोन अक्षरांनंतर कंपनी स्थापन झाल्याचं वर्ष लिहिलेलं असतं. दहा वर्षांच्या अनुभवाची अट असलेलं काम तीन वर्षांच्या कंपनीला कसं मिळालं, हा प्रश्न त्या चार आकड्यांतून उभा राहतो. जीएसटी क्रमांकाची पहिली दोन स्थानं राज्याची, महाराष्ट्राला २७, आणि पुढची दहा म्हणजे त्या संस्थेचा पॅन. स्पर्धेतल्या तीन निविदाकारांपैकी दोघांच्या जीएसटी क्रमांकात पॅन एकच निघाला तर स्पर्धा कशी झाली ते वेगळं सांगायला नको.

मूळ कागद स्वतः मागवा

पाकिटातून आलेला कागद हा माग काढण्यासाठी. छापायचा तो शक्यतो तुम्ही स्वतः मिळवलेला. संकेतस्थळावर काय काय फुकट मिळतं हे पाहिलं की अचंबा वाटतो: महाटेंडर्सवर निविदा, महारेरावर गृहप्रकल्पांचे तपशील, नोंदणी व मुद्रांक विभागाकडे सूची क्रमांक २ (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा), ई-कोर्ट्सवर खटल्यांच्या तारखा, निवडणूक आयोगाकडे उमेदवारांची नमुना २६ मधली शपथपत्रं.

जे तिथे नाही त्यासाठी माहितीचा अधिकार, २००५. दहा रुपये शुल्क, पानाला दोन रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत बसवावा लागतो. ‘भ्रष्टाचार झाला आहे काय?’ असं विचारू नका, माहिती अधिकारी मत द्यायला बांधील नाही. कागदाचं नाव घेऊन मागा. त्याहून चांगलं म्हणजे नस्तीच तपासायला मागा. कायद्यात तो अधिकार आहे, आणि २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत सोमवारी दुपारी ३ ते ५ ही वेळ अभिलेख पाहण्यासाठी ठेवलेली आहे. समोर बसून नस्ती चाळताना जे दिसतं ते झेरॉक्समध्ये कधीच येत नाही. समासातली पेन्सिलची टिपणी, चिकटवलेली चिठ्ठी, मध्येच बदललेली शाई.

एक सावधगिरी. फुटलेलं पान जसंच्या तसं नाव घेऊन मागितलंत तर कार्यालयाला त्याच क्षणी कळतं की ते बाहेर गेलंय, आणि ते पान कुणाकुणाच्या टेबलावरून गेलं हेही. म्हणून पूर्ण नस्ती मागा, किंवा एका वर्षातल्या सगळ्या रस्त्यांच्या कामांची यादी. वैयक्तिक माहिती म्हणून नकार आता वाढतील, कारण २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(जे) बदललंय. पण व्यापक जनहिताचं कलम ८(२) शाबूत आहे. पहिल्या अपिलात त्यावर बोट ठेवा.

सातबारा काय सांगतो, काय सांगत नाही

जमिनीच्या बातमीत सातबारा हा सगळ्यांचा लाडका कागद. भूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसणारी प्रत माहितीपुरती असते. डिजिटल स्वाक्षरीची प्रत १५ रुपयांत मिळते आणि तिच्यावरचा क्रमांक टाकून पडताळता येते. ती घ्या. मग फेरफार (सातबारातल्या बदलाची नोंद) क्रमांक उतरवून प्रत्येक फेरफार काढा. नाव सातबारावर कसं चढलं, खरेदीखतानं, वारसानं की वाटणीनं, हे फेरफारातच कळतं. कंसातलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव. नवखा बातमीदार ते विद्यमान मालकाचं समजून मंत्र्याच्या नावावर जमीन असल्याचं छापून मोकळा होतो. ‘इतर हक्क’ हा रकाना तर सोडूच नका. बोजा, कुळ, न्यायालयाची स्थगिती, ‘हस्तांतरणास बंदी’, सगळं तिथे असतं.

आणि तरीही सातबारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. तो महसुली अभिलेख आहे. फेरफारानं मालकी हक्क निर्माण होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा म्हटलंय. म्हणून ‘सातबारावर नोंद आहे’ असंच लिहा. ‘जमीन अमक्याची आहे’ हे लिहायला खरेदीखतही लागतं.

आकड्यांची पडताळणी

इथे जरा थांबू या, कारण महाराष्ट्रातलं सगळ्यात बोलकं उदाहरण इथलंच आहे. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत एकूण पिकांखालच्या क्षेत्रात सिंचित क्षेत्राचा वाटा दशकभरात १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर गेल्याचं दिसलं. याच काळात सिंचनावर ७० हजार कोटी खर्च झाल्याचा आकडा त्याच्या शेजारी मांडला गेला आणि राज्याचं राजकारण हादरलं. सप्टेंबर २०१२ मध्ये अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. नोव्हेंबरअखेर जलसंपदा विभागानं श्वेतपत्रिका काढली. तिचं म्हणणं, सिंचनक्षमता सुमारे २८ टक्क्यांनी वाढली.

एक म्हणतो ०.१, दुसरा म्हणतो २८. खोटं कोण बोलतंय? उत्तर देण्याआधी दोन्ही आकडे कशाचे आहेत ते पाहा. श्वेतपत्रिका निर्मित सिंचनक्षमतेबद्दल बोलते, म्हणजे धरण-कालवे पूर्ण झाल्यावर कागदोपत्री किती हेक्टर भिजू शकतं. पाहणीतला आकडा प्रत्यक्ष भिजलेल्या क्षेत्राचा, तोही वाट्याच्या रूपात. वाट्याला छेद असतो, आणि छेद म्हणजे पिकांखालचं एकूण क्षेत्र बदललं तर वाटाही बदलतो. त्यात विहिरींवरचं सिंचनही येतं. शिवाय १७.८ वरून १७.९ ही ०.१ टक्केबिंदूंची वाढ आहे, म्हणजे दोन टक्केवारींची नुसती वजाबाकी. ‘सिंचन ०.१ टक्क्यानं वाढलं’ असं लिहिलं तर गणित चुकतं. आणि ७० हजार कोटी हा खर्चाचा म्हणून सांगितला गेलेला आकडा. ‘७० हजार कोटींचा घोटाळा’ असं ज्यांनी मथळ्यात घातलं, त्यांनी सगळा पैसा चोरीला गेला असं म्हटलं. ते कुठल्याच कागदात नव्हतं. याचा अर्थ प्रश्न चुकीचा होता असं मुळीच नाही. क्षमता आणि प्रत्यक्ष सिंचन यांच्यातली दरी हीच तर खरी बातमी होती. पण ढिला आकडा वापरला की उत्तर देणाऱ्याला त्या आकड्यावरच भांडण नेता येतं आणि दरी बाजूला राहते.

म्हणून कुठलाही आकडा घेताना विचारा: कोण मोजतो, कशासाठी मोजतो, व्याख्या काय, आणि ती मधल्या काळात बदलली का? शेतकरी आत्महत्यांचं बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा पोलिसांच्या नोंदींवरून येतो. महसूल विभागाचा आकडा मदतीच्या प्रकरणांवरून येतो आणि त्यात ‘पात्र’, ‘अपात्र’ असे भाग असतात. जमीन नावावर नाही, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं नाही, म्हणून अपात्र ठरलेला माणूसही गेलेलाच असतो. नुसत्या पात्रांचा आकडा घेऊन ‘आत्महत्या घटल्या’ म्हणणं सरकारी प्रेसनोटला शोभतं, आपल्याला नाही. गुन्हे नोंद विभागानं २०१४ पासून शेतमजुरांची वर्गवारी वेगळी दाखवायला सुरुवात केली, तेव्हा २०१३ आणि २०१४ ची थेट तुलना करायची नाही.

तक्ता हाती आला की यांत्रिक तपासणी करा, कंटाळवाणी असली तरी. ओळी मोजा. तालुक्यांची बेरीज जिल्ह्याच्या आकड्याशी जुळते का पाहा. रिकामा रकाना आणि शून्य यांत फरक करा; माहिती आली नाही म्हणजे घटना घडली नाही असं नव्हे. एकच लाभार्थी दोन शुद्धलेखनांनी दोनदा आलाय का? आकडे लाखांत आहेत की हजारांत, हे वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. पीडीएफमधून उतरवलेल्या तक्त्यातल्या काही ओळी मूळ पानाशी डोळ्यांनी ताडा, विशेषतः सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्याच्या.

नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला नाही

एका तालुक्यात संजय पाटील किती असतील याचा विचार करा. कंपनीच्या संचालकाचं नाव आणि आमदारांच्या मेहुण्याचं नाव एकच आहे, एवढ्यावर बातमी उभी राहत नाही. मधलं नाव, वय, पत्ता, संचालक ओळख क्रमांक, शपथपत्रात दिलेली भागभांडवलाची यादी, यांतल्या किमान दोन स्वतंत्र गोष्टी जुळायला हव्यात. २०१६ च्या पनामा पेपर्समध्ये १ कोटी १५ लाख कागद होते. फुटलेल्या फायलीतलं नाव कंपनी नोंदी, न्यायालयीन कागदपत्रं अशा बाहेरच्या नोंदींशी ताडून पाहण्यात पत्रकारांचे महिने गेले.

आणि जागेवर जा. एमबीत लिहिलेल्या रस्त्याची लांबी टेपनं मोजा, शेजारच्या चार घरांत विचारा की काम कधी झालं. कागदानं दिलेली साक्ष डांबरावर उभं राहून तपासता येते, ही आपल्या धंद्यातली मोठीच सोय आहे.

समोरच्याला विचारताना

ज्यांच्यावर आरोप येणार त्यांना लेखी प्रश्न पाठवा, मुद्देसूद, आणि उत्तराला पुरेसा वेळ द्या. संध्याकाळी सहाला फोन करून ‘प्रतिक्रिया मिळू शकली नाही’ असं लिहिणं ही पळवाट सगळ्यांना कळते. कित्येकदा त्या उत्तरातूनच पान ५ आणि ६ मिळतात.

पण विचारताना मूळ कागद दाखवू नका. अमेरिकेत २०१७ मध्ये ‘द इंटरसेप्ट’च्या पत्रकारानं एका गोपनीय अहवालाची प्रत पडताळणीसाठी बाहेर दाखवली. पानांवरच्या घडीवरून तपासयंत्रणेला कळलं की ती छापून बाहेर नेलेली आहे. छापणारे मोजके सहा जण होते. अहवाल फोडणाऱ्या रिॲलिटी विनर पकडल्या गेल्या आणि पुढे त्यांना ६३ महिन्यांची शिक्षा झाली. मजकूर स्वतः टंकून घ्या, त्यातले तपशील विचारा. प्रसिद्ध करतानाही समासातल्या खुणा, फॅक्सची ओळ, झेरॉक्सचा विशिष्ट डाग यांवरून टेबल ओळखू येतं, हे ध्यानात असू द्या. लाभार्थ्यांचे आधार आणि खाते क्रमांक झाकायचे, हे सांगायला नकोच.

छापण्याच्या आदल्या दिवशी

बातमीची एक प्रत काढा आणि प्रत्येक वाक्यापुढे त्याचा आधार लिहा: कुठला कागद, कुठलं पान, कुठली मुलाखत. आधार सापडत नसेल तर वाक्य काढा, ते कितीही फक्कड जमलेलं असो. हे काम बातमी न लिहिलेल्या सहकाऱ्याकडून करून घ्या. लिहिणारा आपलं वाक्य वाचतो, दुसरा माणूस कागद वाचतो. ज्या संकेतस्थळांवरून माहिती घेतली त्या पानांच्या प्रती तारखेसह साठवा, वेबॅक मशीन या वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावरही चढवून ठेवा. बातमी आल्यावर सरकारी पानं कधी कधी ‘देखभालीसाठी’ बंद होतात.

मग ती सगळी फाइल कुलपात. अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा एका वर्षात करावा लागतो, पण फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची मुदत आहे, आणि नोटीस बहुधा बातमी विसरल्यावर येते. तोवर माहिती अधिकारातल्या साक्षांकित प्रती, पाठवलेल्या प्रश्नांची पोच आणि त्या दिवशी लिहिलेली वही, तिन्ही जागेवर असू द्या.